प्रकल्प नोंदी: पुण्याच्या टेकड्यांवरचा झेलोटीस, कुठे राहतो आणि कशाखाली

३ जून

कामाची व्याप्ती ठरली. ताम्हिणीपासून सुप्याच्या माळापर्यंत झेलोटीस वंशातला एक काळा कोळी कुठे आहे, कुठे शोधूनही मिळत नाही, आणि जिथे आहे तिथे नेमका कशाखाली राहतो, हे नोंदवायचे.

झेलोटीस हा ग्नॅफोसिडी कुळातला वंश. हे कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाहीत. दिवसा दगडाखाली रेशमाच्या पातळ पिशवीत बसतात आणि रात्री जमिनीवर फिरून भक्ष्य पकडतात. आमचा कोळी पाच ते आठ मिलिमीटर लांब, काळा, तुकतुकीत. दगड उचलल्यावर इतक्या झपाट्याने सुटतो की मुंगळा समजून सोडून दिला जातो.

या कुळाचा अभ्यास पुण्याला नवा नाही. बी. के. टिकादर यांनी इथल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रातून त्यावर बरेच काम केले आणि १९८२ साली त्यावरचा भारतापुरता खंड लिहिला. ग्नॅफोसा पूनाएन्सिस (१९७३) आणि गजबे यांच्यासोबत वर्णन केलेली झेलोटीस पूनाएन्सिस (१९७६) या दोन प्रजातींच्या नावातच पुणे आहे. पण कोळी पुण्यात मिळाला म्हणून तो पूनाएन्सिस असे धरायचे नाही. प्रौढ नर आणि प्रौढ मादी दोन्ही तपासून होईपर्यंत वहीत त्याचे नाव 'झेलोटीस-१'.

८ जून

जागा निवडल्या. पश्चिमेकडून पूर्वेकडे: ताम्हिणीचा कातळ, सिंहगडाचा पायथा, वेताळ टेकडी, तळजाई-पाचगाव, बोपदेव घाटावरचे पठार, सुप्याजवळचे माळरान. ही ओळ मुद्दाम अशी घेतली, कारण पाऊस याच दिशेने घटत जातो. ताम्हिणीत कित्येक वर्षी ५,००० मिलिमीटरच्या पुढे, पुणे शहरात ७०० च्या आसपास, सुप्याकडे ५०० च्या आसपास. खडक मात्र सगळीकडे तोच, दख्खनचा बेसाल्ट. म्हणजे दगड जवळपास स्थिर ठेवून पावसाचा परिणाम पाहता येतो. अशी सोय फार थोड्या शहरांच्या आसपास मिळते.

प्रत्येक जागी तीन प्रकारचे तुकडे: उघडा गवताळ माळ (कुसळी, पवन्या), नैसर्गिक विरळ झाडी (सालई, मोई, गणेर) आणि लावलेली झाडी (गिरिपुष्प किंवा सुबाभूळ). तुकडा १० बाय १० मीटर, चार कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या. रंगवलेले दगड खूण म्हणून चालत नाहीत, लोक ते उचलून नेतात.

वनजमिनीवर कोळी गोळा करायला वनविभागाची लेखी परवानगी लागते, तिची प्रत रोज सोबत ठेवायची. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या आत दगडाला हात लावायचा नाही. त्याला वेगळी परवानगी लागते आणि बाहेरचा माळ आपल्या प्रश्नाला पुरेसा आहे.

१६ जून

दगड उलटण्याची पद्धत सगळ्यांनी एकसारखी ठेवायची, नाहीतर दोन जागांची तुलना करता येणार नाही.

तुकड्यातला १० सेंटिमीटरपेक्षा लांब असा प्रत्येक सुटा दगड. दगड मोठ्या आकड्याने आपल्याकडच्या अंगाला टेकवून पलीकडची कड उचलायची आणि आपल्या दिशेने कलवायचा, म्हणजे खाली काही असेल तर मध्ये दगड राहतो. बोटे कडेखाली घालायची नाहीत. याच दगडांखाली फुरसे असते आणि लाल विंचूही असतो. विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन रुळवल्यापासून मृत्यू खूप कमी झाले, तरी उपचार जितका लवकर तितका बरा. त्यामुळे प्रत्येक जागेसाठी जवळच्या, हे औषध ठेवणाऱ्या दवाखान्याचे नाव वहीच्या पहिल्या पानावर.

दगड उचलला की पहिले दोन-तीन सेकंद महत्त्वाचे. कोळी जमिनीवर किंवा दगडाच्या खालच्या बाजूला, दोन्हीकडे असू शकतो. एकाने जमीन पाहायची, दुसऱ्याने दगडाची बाजू. चिमटा वापरला की पाय तुटतात. रुंद तोंडाची ४० मिलिलिटरची बाटली समोर धरून मऊ ब्रशने मागून ढकलले की कोळी स्वतःच आत जातो.

मग मोजमाप: दगडाची लांबी, रुंदी, जाडी, जमिनीत किती भाग रुतलेला आहे (चार पायऱ्यांत), खाली माती की मुरूम की उघडा कातळ, पालापाचोळ्याची खोली स्टीलच्या पट्टीने. कोळी मिळाला नाही तरी हे सगळे लिहायचेच. रिकाम्या दगडाची नोंद नसेल तर कोळ्याला कोणता दगड आवडतो हे कधीच सांगता येणार नाही.

शेवटी दगड त्याच खाचेत, त्याच बाजूने परत. दगड काही महिने तसाच राहिला की त्याखाली ओल टिकते, बुरशी येते, वाळवी आणि कीटक येतात. उलटा किंवा तिरका ठेवला तर कडेने हवा शिरते आणि ती जागा एका उन्हात कोरडी होते.

२७ जून

पिटफॉल, म्हणजे जमिनीत पुरलेले सापळे. पावसात काय बिघडते ते आजच लिहून ठेवणे बरे.

एकात एक बसणारे दोन प्लास्टिक पेले, तोंडाचा व्यास ८ सेंटिमीटर. बाहेरचा पेला जमिनीत कायम, आतला उचलून रिकामा करायचा. आत १०० मिलिलिटर द्रावण: प्रोपिलीन ग्लायकॉल आणि पाणी समसमान, वासाचा नसलेला साबण दोन थेंब. साबणाशिवाय पाण्याचा पृष्ठताण मोडत नाही आणि हलके कोळी वर तरंगून कडेने निसटतात. गाड्यांच्या कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल वापरायचे नाही. ते गोड असते आणि कुत्र्या-मुंगसांना विषारी.

मुरमाड जमिनीत पहार मारली की खड्ड्याची कड ढासळते आणि पेल्याभोवती बोटभर फट राहते. कोळी त्या फटीत उतरतो, पेल्यात नाही. चाळलेली माती भरून, पाणी शिंपडून, दाबून पेल्याची कड जमिनीशी सपाट करायची. दोन मिलिमीटर वर राहिली तरी झेलोटीस कडेला वळसा घालून पुढे जातो. खणल्यावर पहिला आठवडा पेला झाकून ठेवायचा, कारण ताज्या खणलेल्या जागी किड्यांची हालचाल वाढते आणि आकडे फुगतात.

पावसात पेला भरून वाहतो आणि मिळालेले सगळे वाहून जाते. उपाय दोन. वर तीन खिळ्यांवर तपकिरी प्लास्टिकची ताटली, जमिनीपासून ३ सेंटिमीटर उंच. आणि आतल्या पेल्याला कडेपासून दीड-दोन सेंटिमीटर खाली बारीक भोके पाडून आतून नायलॉनची जाळी चिकटवायची, म्हणजे पाणी जाते, कोळी राहतो. बाहेरच्या पेल्याच्या बुडाला भोक हवेच, नाहीतर आतला पेला पाण्यावर तरंगून वर येतो. पांढऱ्या ताटल्या वापरू नयेत. टेकडीवर सकाळी फिरायला येणारी माणसे कचरा समजून उचलतात, आणि त्यांचे तरी काय चुकले.

सापळ्यात किती पडले ही कोळ्यांची संख्या नव्हे. तो संख्या आणि फिरणे यांचा मिळून आलेला आकडा. नर मादीच्या शोधात फिरतात म्हणून सापळ्यात नर जास्त, दगडाखाली मादी आणि पिल्ले जास्त. म्हणूनच दोन्ही पद्धती लागतात.

१४ जुलै

सूक्ष्मदर्शकाचे काम. तपासण्याचा क्रम:

पहिले, कुळ. पोटाच्या टोकाला पुढची दोन स्पिनरेट (रेशीम सोडणारे अवयव) नळीसारखी, एकमेकांपासून अंतर ठेवून असतात. मागच्या ओळीतले मधले डोळे गोल नसतात. ते चपटे, लंबगोल, तिरके आणि प्रकाशात चांदीसारखे चमकतात. एवढे दिसले की ग्नॅफोसिडी.

दुसरे, झेलोटीसचा गट. तिसऱ्या आणि चौथ्या पायाच्या मेटाटार्ससच्या (टोकाकडून दुसऱ्या भागाच्या) टोकाला, खालच्या अंगाला, राठ केसांची एक आडवी फणी असते. ती पाहायला पाय बाजूने फिरवून खालून प्रकाश द्यावा लागतो. वरून पाहिले तर दिसत नाही आणि कोळी भलत्याच वंशात जातो. फणी असलेल्या जवळच्या वंशांपैकी ट्रॅकीझेलोटीसच्या जबड्यांच्या समोरच्या बाजूला ताठ केसांचा झुबका असतो, ड्रासिलसचे मागचे मधले डोळे मोठे आणि जवळजवळ.

डीएनएसाठी पाय काढायचा असेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या जोडीतला काढायचा. तिसरा-चौथा कधीच नाही, फणी त्यावरच आहे. तो पाय ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, डीप फ्रीझरात. बाकी कोळी ७० टक्क्यांत, कारण ९५ मध्ये शरीर ठिसूळ होते आणि पाल्प (तोंडाजवळचा पायासारखा अवयव, नर तो मीलनासाठी वापरतो) हलवताना तुटतो.

तिसरे, प्रजाती. नराचा पाल्प आणि त्याच्या टिबिया या भागावरचा काटा, मादीचे एपिगाइन (पोटाखालचा जननेंद्रियाचा कडक भाग). एपिगाइन सुईने सोडवून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, खोलीच्या तापमानाला, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाहत. रात्रभर ठेवले तर नाजूक नलिकाही विरघळतात आणि उरते ते कामाचे नसते. पाण्यात धुऊन लवंगेच्या तेलात ठेवले की आतले नळ्यांचे वळण स्पष्ट दिसते. चित्र काढून झाल्यावर तो भाग बारीक कुपीत घालून त्याच कोळ्याच्या बाटलीत.

पिल्लांवरून प्रजाती ठरत नाही. 'झेलोटीस, अप्रौढ' एवढेच लिहायचे आणि वितरणाच्या नकाशात घ्यायचे नाही. फोटोवरूनही या गटात प्रजातीचे नाव देऊ नये. रंगाने काळे, आकाराने सारखे असे अनेक आहेत.

चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलीने किंवा पिगमेंट शाईने. बॉलपेनची शाई अल्कोहोलात धुऊन जाते, मग बाटलीत कोळी राहतो आणि माहिती राहत नाही.

४ ऑगस्ट

ताम्हिणी. कातळावर पाण्याचा पातळ थर वाहतो आहे. सुट्या दगडांखाली खेकडे, गोगलगाई, पैसे (बहुपाद किडे). झेलोटीस-१ नाही. सापळे काढून घेतले, या पावसात त्यांचा उपयोग नाही.

२२ ऑगस्ट

वेताळ टेकडी, उघडा माळ. दगडाच्या खालच्या बाजूला अंडकोश. चपटा, कागदी, कडेला पातळ आणि मध्ये जरा फुगीर, दगडाला चिकटवलेल्या पापडीसारखा. मादी त्यावरच बसलेली. दगड हलवला तरी ती लगेच पळत नाही, आधी कोशावर पाय पसरते.

असा दगड दिसला की मादी उचलायची नाही. फोटो, मोजमाप, दगड जागच्या जागी. दगड खाली ठेवताना एका कडेखाली बारीक काडी घालून हळू सोडायचा आणि मग काडी ओढून घ्यायची, नाहीतर कोश चिरडतो.

३० ऑगस्ट

भक्ष्याची एक नोंद सविस्तर. रात्री, लाल प्रकाशात, झेलोटीस-१ ने आपल्याएवढ्याच दुसऱ्या कोळ्याला गाठले. थेट चावा नाही. आधी त्याच्याभोवती झटक्यात गोल फिरला, पोटाचे टोक उचललेले, आणि मागून चकाकणारी रुंद पट्टी सुटत गेली. ती भक्ष्याच्या पायांना आणि जमिनीला एकदमच चिकटली. पाय अडकल्यावर चावा.

या कुळाच्या पुढच्या स्पिनरेटवर चिकट रेशीम सोडणाऱ्या मोठ्या तोट्या असतात. इतर कोळी हे रेशीम धागा टेकवायला वापरतात, हे त्याने शिकार जखडतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ही पद्धत नीट उलगडली आहे. अधिवासासाठी याचा अर्थ असा की पट्टी चिकटायला कोरडा, घट्ट पृष्ठभाग लागत असावा. चिखलात किंवा सुट्या ओल्या पाल्यावर ती कितपत धरेल हे तपासण्याजोगे आहे. ताम्हिणीतल्या रिकाम्या नोंदींकडे या बाजूनेही पाहायचे.

२१ सप्टेंबर

लावलेल्या झाडीचे तुकडे. गिरिपुष्पाखाली पाल्याचा जाड थर, गवत जवळजवळ नाही, सावली सलग. दगड आहेत, पण पाल्याखाली गाडलेले, आणि त्यांच्या कडा बंद झालेल्या. झेलोटीस-१ ला आत शिरायला फटच राहत नाही. इथे मिळाले ते दुसऱ्या कुळांतले, पाल्यात राहणारे कोळी.

पाणी अडवायला खणलेल्या सलग समतल चरांजवळ वेगळीच गोष्ट. चर खणताना निघालेले दगड बांधावर एकावर एक रचले जातात. दगड भरपूर दिसतात, पण त्यांच्याखाली माती नाही, पोकळी आहे आणि ती कोरडी. दगड मोजून अधिवास चांगला ठरवला तर इथे फसगत होते. मोजायचे ते मातीला टेकलेले दगड. रोपांच्या आळ्याभोवती लावलेले आणि हौसेने एकावर एक रचलेले दगडही वेगळ्या रकान्यात.

टेकडीवर झाड लावणे चांगलेच, ही भावना आपल्याकडे खोल आहे आणि तिच्यामागचा जिव्हाळा खरा आहे. पण कातळावरचा गवताळ माळ हा झाडे तुटून ओसाड पडलेला भाग नव्हे. पातळ मातीवर गवत आणि सुटा दगड हीच तिथली मूळ वस्ती, आणि झेलोटीस तिचा रहिवासी आहे.

१२ ऑक्टोबर

ऑक्टोबरचे ऊन. दगडाच्या जाडीप्रमाणे तापमान घेतले: वरचा पृष्ठभाग इन्फ्रारेड थर्मामीटरने, खालची हवा बारीक प्रोबने, दुपारी एक ते तीन. प्रोब दगड न उचलता कडेने सरकवायचा. उचलून मोजले तर काही सेकंदांत आकडा बदलतो.

चार-पाच सेंटिमीटरपेक्षा पातळ दगड आरपार तापतो, त्याखाली दुपारी कोणी नाही. फार जाड, निम्म्याहून अधिक रुतलेला दगड खाली गार, पण फट नाही. झेलोटीस-१ मिळतो तो मधल्या दगडाखाली: हाताच्या पंजापासून जेवणाच्या ताटापर्यंतचा, आठ ते पंधरा सेंटिमीटर जाड, तळ सपाट, एक कड किंचित उचललेली, खाली मुरमावर पातळ माती.

मातीची ओल वजनावर: ५० ग्रॅम माती, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास, पुन्हा वजन. पिशवी जागेवरच घट्ट बंद करायची, नाहीतर गाडीतच ओल उडते.

१६ नोव्हेंबर

जुन्या नोंदी नकाशावर घ्यायच्या म्हटले की 'पुणे' एवढेच लिहिलेली चिठ्ठी अडवते. असा ठिपका शहराच्या मध्यावर टाकला तर कोळी शनिवारवाड्यात राहतो असे दिसेल. त्याऐवजी मध्यबिंदू आणि त्याभोवती अनिश्चिततेची त्रिज्या, किलोमीटरमध्ये. अशी नोंद वितरणात धरायची, अधिवासाच्या विश्लेषणात नाही.

नव्या नोंदींना दशांश अंशांत पाच स्थळे, डेटम (अक्षांश-रेखांशाचा संदर्भ) डब्ल्यूजीएस ८४, आणि फोनने दाखवलेली अचूकता जशीच्या तशी. पाचवे स्थळ म्हणजे साधारण एक मीटर. फोनची अचूकता पाच मीटरची असताना आठ स्थळे लिहिणे निरर्थक.

हवामानावरून वितरणाचा अंदाज बांधणारे मॉडेल सध्या बाजूला. त्यासाठीचे सहज मिळणारे हवामानाचे थर सुमारे एक किलोमीटरच्या चौकटीचे असतात. वेताळ टेकडीचा उघडा माळ, गिरिपुष्पाची झाडी आणि जुनी दगडखाण एकाच चौकटीत बसू शकतात. कोळ्याचा निर्णय होतो दगडाखालच्या वीतभर जागेत. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या पद्धतीने व्यापलेले क्षेत्र २ बाय २ किलोमीटरच्या चौकटी मोजून काढतात, ते काढायचे, पण त्याशेजारी उपयुक्त दगड असलेल्या तुकड्यांची यादी जोडूनच. नुसता चौकटींचा आकडा दिला तर चौकटीतला अर्धा माळ गेला तरी आकडा तसाच राहतो.

१८ जानेवारी

'नाही' कधी म्हणायचे? समजा, कोळी तुकड्यात आहे आणि एका फेरीत तो दिसण्याची शक्यता ४० टक्के. मग एका फेरीत हुकण्याची शक्यता ६० टक्के, तीन फेऱ्यांत ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे सुमारे २२ टक्के. पाच फेऱ्यांत ८ टक्के. म्हणून एका फेरीवरून कुठल्याही जागेला 'नाही' लिहायचे नाही. 'शोधला, मिळाला नाही' असे लिहायचे आणि सोबत वेळ, माणसे, दगडांची संख्या.

थंडीत पहाटे दगडाखाली कोळी सुस्त असतो, सापडतो सहज. पण सापळे रिकामे. फेऱ्या सगळ्या याच महिन्यात घेतल्या तर दगडांच्या आणि सापळ्यांच्या नोंदी एकमेकींच्या विरुद्ध बोलतात. फेऱ्या ऋतूंत वाटून घेणे भाग आहे.

२३ फेब्रुवारी

बोपदेवच्या पठारावर वणवा. गवताची आग वाऱ्याबरोबर पुढे सरकते, एका जागी फार काळ थांबत नाही. मधल्या जाडीच्या दगडांखाली रेशमाच्या पिशव्या शाबूत, कोळी जिवंत. पातळ दगडांखाली काहीच नाही. आग गेल्यावरचा काळ जास्त कठीण: गवत नाही, भक्ष्य कमी, दगडावर थेट ऊन. जळालेल्या आणि न जळालेल्या लगतच्या तुकड्यांत एप्रिल-मेमध्ये दगडाखालची ओल आणि कोळी, दोन्ही पुन्हा पाहायचे. जाळपट्ट्यांची (वणवा रोखायला आधीच जाळून ठेवलेल्या पट्ट्यांची) जागा आणि तारीख वनविभागाकडून मागवून नकाशावर घालायची.

१५ मार्च

पुढच्या पावसाआधीची कामे. प्रौढ नर-मादींचे जोडीने निवडलेले नमुने आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात जमा करायचे, प्रत्येकाच्या चिठ्ठीवर तुकड्याचा क्रमांक. नाव अंतिम होईल ते मूळ नमुन्यांशी (ज्यांवरून प्रजातीचे पहिले वर्णन झाले) पडताळणी झाल्यावर. तोवर अहवालातही 'झेलोटीस-१' च.

वेताळ टेकडी आणि तळजाईच्या तुकड्यांची यादी वृक्षारोपणाचा आराखडा करणाऱ्यांना द्यायची, प्रत्येक तुकड्यासोबत एका पानाचा नकाशा. त्यात विनंती तीनच: मुरमावरच्या उघड्या माळावर खड्डे घेऊ नयेत, चरासाठी सुटे दगड वेचू नयेत, आणि आधीच वेचलेले दगड बांधावरून काढून सपाट बाजूने मातीवर, एकमेकांपासून हातभर अंतरावर पसरावेत. पसरलेल्या दगडांची तपासणी एक पूर्ण पावसाळा गेल्यावरच, त्याआधी उचलून पाहू नये.

सापळ्यांच्या आतल्या पेल्यांच्या जाळ्या बदलणे बाकी. उन्हाने नायलॉन कडक झाले आहे, बोट लावले की फाटते.